नोंद नाही

संध्याकाळचे आठ वाजून चार-पाच मिनिटं झाली की माझा फोन वाजायचा. रोज नाही. पण ज्या आठवड्यात ऑन-कॉलची पाळी माझी असेल, त्या आठवड्यात तीन-चारदा तरी नक्की. नारायण पेठेत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. त्या वेळी खाली गल्लीत दुचाकी कुणी कुठे लावली यावरून वाद रंगलेला असतो, समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, आणि मी एका हातात पोळीचा घास धरून दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडत असतो. फोनवर माणूस नसतो, रेकॉर्ड केलेला आवाज असतो. हजेरी-वर्करची मेमरी भरत आली आहे, एवढंच तो सांगतो.

मग काळ्या खिडकीत टाइप करायचं: क्यूबसीटीएल गेट पॉड्स. (या कमांडचा उच्चार क्यूबसीटीएल, क्यूबकटल की क्यूबकंट्रोल, यावर आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. पुण्यात असूनही मी त्यात पडत नाही.) यादी यायची. तिच्यात एक पॉड धापा टाकत असायचा. मग क्यूबसीटीएल डिलीट पॉड आणि पुढे त्याचं लांबलचक नाव. अर्ध्या मिनिटात जुना जायचा, नवा यायचा, मेमरीचा आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली यायचा. आमटी गार व्हायच्या आत मी परत ताटावर.

आमच्याकडे नियम असा, की दहा मिनिटांत निभावलं तर तिकीट उघडायचं नाही. मी चार मिनिटांत निभवायचो. तिमाही आढाव्यात याबद्दल माझं कौतुक झालं होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुबरनेटीस ही व्यवस्था गूगलने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. कोकणात तांडेल म्हणतील तो. या तांडेलाला आपण सांगायचं, की अमुक प्रोग्रॅमच्या तीन प्रती कायम चालू हव्यात. तो सतत मोजत बसतो. दोनच दिसल्या की तिसरी उभी करतो. प्रोग्रॅम ज्या खोक्यात चालतो त्याला कंटेनर म्हणायचं आणि असे एक किंवा अनेक कंटेनर ज्या घरट्यात राहतात त्याला पॉड. आतला कंटेनर मेला तर त्याच पॉडमध्ये तो पुन्हा सुरू होतो. पुन्हापुन्हा मरत राहिला तर तांडेल जरा दम खातो: आधी दहा सेकंद, मग वीस, मग चाळीस, असं करत जास्तीत जास्त पाच मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न. कंटाळत नाही. आणि का मेला, हे विचारत नाही. ते त्याचं कामच नाही.

याला आमच्या भाषेत 'सेल्फ-हीलिंग' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फार आवडला होता. आता वाटतं, इथे बरं कोणीच होत नाही. एक जातो आणि त्याच साच्यातला दुसरा त्याच्या जागी येतो.

याच घराण्यातली आणखी एक म्हण आहे. सर्व्हरला पाळीव प्राण्यासारखं वागवू नका, गुराढोरांसारखं वागवा; नाव देऊ नका, नंबर द्या, आजारी पडलं की गोळी घाला आणि दुसरं आणा. ज्याने ही म्हण काढली त्याच्याकडची गुरं कशी होती मला माहीत नाही. माझ्या आजोबांच्या गोठ्यात चार जनावरं होती आणि चौघांना नावं होती. एकाने वैरण सोडली तर आजोबा रात्री कंदील घेऊन जाऊन त्याच्या तोंडात हात घालून बघायचे. बेंदराला त्यांची शिंगं रंगवायची. असो. म्हणीचा मुद्दा मला कळतो. हजारो सर्व्हर असतील तर प्रत्येकाच्या तोंडात हात घालता येत नाही.

आता ज्या वर्करला मी मारत होतो, तो काय करायचा ते सांगतो.

आमचं सॉफ्टवेअर सुरक्षारक्षकांची आणि सफाई कामगारांची हजेरी घेतं. सोसायट्या, मॉल, एटीएम, दवाखाने अशा ठिकाणी ठेकेदारांनी नेमलेली माणसं. पाळी बदलते सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. गेटवर आलं की फोनवर ॲप उघडायचं, स्वतःचा फोटो काढायचा, बटण दाबायचं. हिरवी खूण आली की हजेरी लागली. निघतानाही तसंच. दोन्हींपैकी एक नोंद नसली तर तो दिवस खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, आणि महिनाभर एकही खाडा नसेल तर जो भत्ता मिळतो तोही गेला.

ऑगस्टमध्ये आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी आली. पहिल्याच ऑन-कॉल आठवड्यात तिला आठ वाजून पाच मिनिटांनी फोन आला. आमची रीत तिला कुणी सांगितली नव्हती, म्हणून तिने ती कामं केली जी पुस्तकात लिहिलेली असतात. आधी क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड. तिथे तिला दिसलं, की कंटेनर आधीच एकदा मरून पुन्हा सुरू झालाय, कारणाच्या जागी 'ओओएम किल्ड' आणि एक्झिट कोड १३७. म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून खालच्या लिनक्सने त्याला जागेवर मारला. मग तिने क्यूबसीटीएल लॉग्ज घेतले, 'प्रीव्हियस' लावून. मेलेल्या कंटेनरने मरण्याआधी काय लिहून ठेवलं, ते याने वाचता येतं. शेवटची ओळ होती: ५०० हजेऱ्या उचलल्या. त्याच्या आधी प्रत्येक 'उचलल्या'नंतर 'लिहिल्या' होतं. या शेवटच्या ओळीनंतर काही नव्हतं.

तिने मला फोन केला. "अरे, एक विचारू? या पाचशे कुठे गेल्या?"

मी म्हणालो, रांगेत परत गेल्या असतील. असंच असतं ना. काम पुरं झालं नाही तर मेसेज रांगेत परत जातो.

"नाही गेल्या. मी रांग बघितली. रिकामी आहे."

दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून कोड वाचला. तो आमच्यापैकी कुणीच लिहिलेला नव्हता. लिहिणारा केव्हाच सोडून गेला होता. हिरवी खूण दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा होता. तो हजेरी रांगेत टाकायचा, माणसाला हिरवं दाखवायचा आणि मोकळा व्हायचा. आमचा वर्कर रांगेतून एका वेळी पाचशे हजेऱ्या फोटोंसकट उचलायचा, 'मिळाल्या' असं रांगेला लगेच सांगायचा, आणि मग त्या डेटाबेसमध्ये लिहीत बसायचा. रांग त्या पाचशे विसरून जायची. समजा, पोस्टमनने आधी पोचपावतीवर सही घेतली, पत्र नंतर देतो म्हणाला, आणि मधल्या वेळात तो पोस्टमनच बदलला. नव्या पोस्टमनच्या पिशवीत ते पत्र नाही, आणि पोस्टाच्या वहीत ते पोचलेलं आहे.

मेमरी का भरायची, याचं उत्तर तर हसू यावं असं निघालं. लोकांचे फोन बदलले होते. नव्या फोनचे फोटो मोठे. पाचशे फोटो एकदम हातात धरायचे म्हणजे वर्करचा दम निघायचा, आणि पाचशेचा गठ्ठा पुरा भरायचा फक्त ठीक आठला, कारण तेव्हाच सगळे एकदम यायचे. जो रक्षक पंचवीस मिनिटं उशिरा यायचा, त्याची हजेरी पाच-दहाच्या छोट्या गठ्ठ्यात सुखरूप लिहिली जायची. जो ठीक आठला गेटवर उभा असायचा, त्याचा खाडा पडायचा.

आणि जेव्हा वर्कर स्वतःहून मरत नव्हता, नुसता धापा टाकत होता, तेव्हा त्याला मी मारत होतो. पॉड डिलीट केल्यावर आवरून घ्यायला कुबरनेटीस तीस सेकंद देतं, मग जबरदस्तीने बंद करतं. आमच्या वर्करला ती सूचना ऐकायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या तीस सेकंदांत तो कदाचित शंभर लिहायचा. बाकीच्या जायच्या.

नंतर सपोर्टच्या मुलाकडे मी जुन्या तक्रारी मागितल्या. एका ठेकेदाराच्या कारकुनाने तीनदा लिहिलं होतं: आमचा एक माणूस म्हणतो मी रोज वेळेवर फोटो काढतो, हिरवं येतं, तरी सात खाडे पडलेत. तिन्ही वेळा आमच्याकडून एकच उत्तर गेलं होतं. ते तयार उत्तर आहे, बटण दाबलं की चिकटतं. 'आमच्या सिस्टीममध्ये सदर नोंद आढळत नाही.'

हे वाक्य खोटं नव्हतं. नोंद खरंच नव्हती.

माझी मामेबहीण संस्कृतमध्ये एम.ए. करते. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हा तर अनुपलब्धीचा प्रश्न आहे." आपल्याकडे ज्ञान कशाकशाने होतं यावर शेकडो वर्षं वाद झाले. डोळ्यांनी दिसतं ते प्रत्यक्ष, तर्काने कळतं ते अनुमान, वगैरे. पण एखादी गोष्ट 'नाही' हे कशाने कळतं? मीमांसकांतले भाट्ट आणि अद्वैती म्हणतात, त्याला वेगळं प्रमाण आहे, अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. मात्र यात एक अट आहे आणि सगळा जीव त्या अटीत आहे. ती अनुपलब्धी योग्य असायला हवी. म्हणजे घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

'नोंद आढळत नाही' म्हणताना आम्ही ही अट कधी तपासली नव्हती. हजेरी लागली असती तर ती आमच्याकडे असतीच, असं आम्ही गृहीत धरलं होतं. आणि ते गृहीतक आठवड्यातून तीन-चारदा, पोळी खाता खाता, मी स्वतः मोडत होतो.

यात पुराव्याचीही एक बाजू आहे, आणि मला ती जास्त टोचते. क्यूबसीटीएल गेट पॉड्सच्या यादीत 'रीस्टार्ट्स' नावाचा एक रकाना असतो. हा पॉड किती वेळा मरून उठला त्याचा आकडा. पॉड डिलीट केला की नवा पॉड येतो आणि त्याच्यापुढे शून्य लिहिलेलं असतं. मेलेल्या कंटेनरचे लॉग पॉडबरोबर जातात. 'प्रीव्हियस' लावून वाचायला मग काही उरत नाही. कुबरनेटीसच्या स्वतःच्या घटनांची नोंद, मुद्दाम बदललं नसेल तर, एका तासात पुसली जाते. मेमरीचे आलेख आम्ही प्रोमेथियसमध्ये ठेवतो. तिथे मूळ मर्यादा पंधरा दिवसांची आणि ती कुणी वाढवली नव्हती. कुणी कोणती कमांड दिली याचा ऑडिट लॉग असतो, पण तो आपण चालू करावा लागतो. आमचा चालू करायचा राहिला होता. आणि तिकीट तर मी उघडूच देत नव्हतो. थोडक्यात, मी नुसती हजेरी घालवत नव्हतो. ती गेली हे ज्यावरून कळलं असतं, तेही त्याच कमांडने घालवत होतो.

मुद्दाम नाही. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. मला माहीत नव्हतं. पहिल्या वेळी खरंच माहीत नव्हतं. पाचव्या वेळीही म्हणू या. पण तीच गोष्ट, त्याच वेळी, ठीक आठ वाजता, पंधराव्यांदा होते आणि मला आठच का असा प्रश्न पडत नाही, तेव्हा त्या न कळण्याला मी कुठवर 'माहीत नव्हतं' म्हणत राहणार? माहीत करून घ्यायला दोन कमांड लागल्या असत्या. नव्या मुलीला पहिल्या दिवशी लागल्या तेवढ्याच.

आमची घरमालकीण आजी पहिल्या मजल्यावर राहते. १९६१ साली ती चौदा वर्षांची होती, हुजूरपागेत शिकत होती, आणि याच इमारतीत राहत होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर भिंतीत खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ आहे, शेजारी तारीख: १२-७-६१. ती तिच्या वडिलांनी ओढली. इमारतीला रंग द्यायचा असला की आजी खुर्ची टाकून तिथे बसते, कारण रंगारी दरवेळी ती रेघ भरायला बघतो.

पानशेतबद्दल पुण्यात वाढलेल्यांनी ऐकलेलं असतं, तरी क्रम सांगतो. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण. त्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच पाणी साठत होतं आणि पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं होतं. मोरीच्या रेषेवरचा बांध खचायला लागला. लष्कराचे जवान आले आणि त्यांनी पावसात, रात्रभर, खचत्या बांधावर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि तेही जुनं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, नारायण पेठ त्यातलीच.

मी आजींना एकदा शहाणपणाने म्हणालो होतो, की पोत्यांचा काय उपयोग झाला, धरण तर फुटलंच. (तेव्हा आमच्या वर्करचं काही उघडकीला आलं नव्हतं.) त्या चिडल्या. "अरे, पोती टाकली म्हणून ते दिवसाउजेडी फुटलं. आम्ही पर्वतीकडे पळालो ते रस्ता दिसत होता म्हणून. तेच पहाटे तीनला आलं असतं, तर तुझ्याशी बोलायला मी नसते."

हे मी नंतर बऱ्याचदा आठवलं, कारण स्वतःला झोडपण्याच्या नादात मी एका चुकीच्या निष्कर्षाला आलो होतो, की रीस्टार्ट करणं हेच पाप. तसं नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी हजारो माणसं गेटवर फोन धरून उभी असताना मी बसून लॉग वाचत राहिलो असतो, तर रांग तुंबली असती आणि नुकसान कदाचित वाढलंच असतं. आधी चालू करा, मग शोधा, हा नियम वाईट नाही. १४ मार्च २०२३ ला रेडिट ही प्रचंड मोठी साइट ३१४ मिनिटं बंद पडली होती. त्यांनी कुबरनेटीसची आवृत्ती १.२३ वरून १.२४ वर नेली आणि सगळं कोसळलं. बराच वेळ शोधूनही कारण सापडेना, तेव्हा त्यांनी जुन्या बॅकअपवरून साइट परत उभी केली. कारण माहीत नसतानाच. मी तिथे असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण नंतर ते कारणाच्या मागे गेले आणि त्यांना सापडलं, की नव्या आवृत्तीत यंत्रांवरची 'मास्टर' ही चिठ्ठी काढून टाकली होती, आणि त्यांच्या जाळ्याची एक जुनी, कधीतरी हाताने केलेली जोडणी त्याच चिठ्ठीवर टांगलेली होती. ती जोडणी कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. त्यांनी हे सगळं जाहीर लिहिलं, स्वतःचं हसं होईल अशा तपशिलासकट.

पानशेतचंही तसंच. पोती रचणाऱ्यांना आपण धरण दुरुस्त करतोय असं वाटत नव्हतं. धरण त्यांना तसं वाटूच देत नव्हतं, पायाखाली खचत होतं. नंतर चौकशी आयोग बसला, मोरीपर्यंत गेला, आणि मग धरण नव्याने बांधलं गेलं. माझी अडचण ही, की माझी पोती फार चांगली होती. अर्ध्या मिनिटात आलेख खाली. पायाखाली काही खचतंय असं कधी जाणवलंच नाही. जे खचत होतं ते कुठल्यातरी एटीएमच्या बाहेर, महिनाअखेरीच्या पगाराच्या चिठ्ठीत खचत होतं.

आता जे लिहायचं ते लिहायला मला सर्वांत अवघड गेलं.

कोड दुरुस्त करायला एक दिवस लागला. आधी लिहायचं, मग रांगेला 'मिळालं' सांगायचं, फोटो बाजूला ठेवायचे, गठ्ठा पन्नासचा करायचा. झालं. प्रश्न मागच्या महिन्यांचा होता. अलर्ट केव्हा आले याची नोंद आमच्याकडे तीस दिवस राहते, त्यामुळे तीस दिवसांतल्या गेलेल्या हजेऱ्यांच्या वेळा काढता आल्या. त्याआधीचं काही नाही. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, त्याआधीची नोंद नाही, सोडून द्या. कुणी वाईट हेतूने म्हणालं नाही. खरंच नोंद नव्हती.

नोंद होती. माझ्या लॅपटॉपवर.

टर्मिनल आपण दिलेल्या कमांड लक्षात ठेवतं. सहसा शेवटच्या हजारेक. माझ्या पहिल्या नोकरीतल्या एका सीनियरने सांगितलं होतं, की ही मर्यादा काढून टाक आणि प्रत्येक कमांडपुढे तारीख-वेळ लिहायला लाव, कधीतरी उपयोगी पडेल. लॅपटॉप मला मार्चमध्ये मिळाला होता. मी घरी येऊन हिस्टरीत शोधलं. मार्च ते ऑगस्ट, डिलीट पॉड, हजेरी-वर्कर: सदतीस ओळी. बहुतेक सगळ्या आठ वाजून चार मिनिटं ते आठ वाजून दहा मिनिटं या पट्ट्यात. दोनदा सकाळच्या, बाकी संध्याकाळच्या. एक विसर्जनासारख्या गोंगाटात, कुठल्याशा पथकाचा सराव चालू असताना दिलेली मला आठवतही होती.

या सदतीस वेळा हातात असतील तर काम सोपं होतं. ज्या माणसाची सकाळी सुटल्याची नोंद आहे, पण आदल्या संध्याकाळी आल्याची नाही, आणि ती संध्याकाळ या यादीतली आहे, तो हजर होता असं धरायचं. एरवी ठेकेदार म्हणू शकतो, की माणूस उशिरा आला आणि फोटो न काढताच घुसला. यादी असेल तर चूक आमच्याकडची आहे हे दाखवता येतं.

आणि यादी दिली म्हणजे सदतीस वेळा कुणी काय केलं हेही दाखवता येतं. चार मिनिटांत निभावणारा मुलगा तो हाच.

मी दोन दिवस ती यादी दिली नाही. या दोन दिवसांत मी जे युक्तिवाद केले ते सगळे मला पाठ आहेत. मी एकटा नव्हतो, दुसऱ्या पाळीतला मित्रही हेच करायचा, आणि त्याने तर हिस्टरी ठेवलेलीच नाही, मग मी ठेवली म्हणून मीच का सापडायचं? कोड माझा नव्हता. रीत माझी नव्हती. आढाव्यात शाबासकी कंपनीने दिली होती. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, आजही. फक्त यातलं एकही वाक्य त्या माणसाला सांगता येण्यासारखं नव्हतं, ज्याचे सात खाडे पडले होते. त्याला ऐकायला येईल असं काही मी स्वतःशी बोलून बघितलं, आणि दरवेळी ते 'आमच्या सिस्टीममध्ये' असंच सुरू व्हायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना आजी रेघेखालची भिंत ओल्या फडक्याने पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "काल रात्रभर दिवा चालू होता तुझा. वीजबिल वेगळं आहे ना?" मी हो म्हणालो. लक्ष्मी रोडवर जाऊन चहा घेतला. मग कोपऱ्यावर उभा राहून फोनवरूनच यादी टीमच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं की हे सगळे मी केलेले आहेत.

फार काही झालं नाही. मॅनेजरने अंगठा दाखवला. दुपारी मित्राचा फोन आला, तो थोडा रागावलेला होता, आणि मग त्याने त्याला आठवत असलेल्या तारखा सांगितल्या, चार-पाच, खात्री नाही म्हणाला. आठवणीवर पगार कसा द्यायचा, यावर एक लांब मीटिंग झाली आणि त्या तारखा धरायच्या नाहीत असं ठरलं.

ज्याचे सात खाडे होते त्याचे पाच भरून निघाले. उरलेले दोन फेब्रुवारीतले, माझ्या आधीच्या लॅपटॉपच्या काळातले, आणि तो परत करताना मी तो नियमाप्रमाणे पूर्ण पुसून दिला होता. त्या कारकुनाने चौथ्यांदा लिहिलं, उरलेल्या दोन दिवसांचं काय. सपोर्टचा मुलगा मला विचारायला आला, की तयार उत्तरच पाठवू का. मी म्हणालो, थांब, त्यात बदल करू. 'आमच्या सिस्टीममध्ये नोंद आढळत नाही, आणि त्या काळात आमच्याकडून नोंदी हरवत होत्या,' असं लिहू.

ते वाक्य सध्या कायदेशीर विभागाकडे आहे. मी दर सोमवारी विचारतो.